खारतळचं दहिवर

मनोऱ्याच्या पाण्याला चव नसते. विहिरीच्या पाण्याला दगडाची चव असते, टँकरच्या पाण्याला गंजाची, ओढ्यातल्या झिऱ्याला वाळूची. हे पाणी जिभेवरून नुसतं जातं. आमच्या पांढरओढ्यात त्याचा पहिला नळ सुटला त्या दिवशी माझा धाकटा भाऊ बिरा खारतळहून मुद्दाम आला होता. तो ओंजळभर पाणी प्याला, मिशा पुसल्या आणि माझ्या लेकीला म्हणाला, "ओवे, ह्यात काय घालायचं इसरलीस गं?"

सगळे हसले. ओवी सर्वांत जास्त हसली. ते मनोरे तिनं उभे केले होते.

तोवर आमच्या माणदेशाला सरकारनं कागदोपत्री मरुक्षेत्र ठरवलं होतं. पाऊस यायचा तर चुकल्यासारखा यायचा. बोअर मारायला बंदी होती, कारण खाली काही उरलंच नव्हतं. सगळ्या कोरड्या तालुक्यांची मिळून एक मरुक्षेत्र परिषद झाली होती आणि पांढरओढ्यानं मला तिच्यावर निवडून दिलं होतं. मी चाळिशी ओलांडल्यावर अक्षरं शिकले. परिषदेचे कागद वाचायला मला इतरांपेक्षा वेळ लागायचा, पण मी ते शेवटपर्यंत वाचायची.

पाणी आलं त्या संध्याकाळी अंगणात बसून ओवीनं आम्हा दोघा भावंडांना समजावून सांगितलं. तिनं चिमूटभर पांढरी भुकटी मामाच्या तळहातावर ठेवली. दिसायला रांगोळीसारखी.

"मामा, हे मधाचं पोळं समज. फक्त भोकं इतकी बारीक, की त्यांत पाण्याची वाफच मावते. या चिमटीतली सगळी भोकं उलगडून अंथरली, तर तुझं अख्खं वावर झाकलं जाईल."

"आन् हे करतं काय?"

"हवा कोरडी वाटते, पण तिच्यात पाणी असतंच. रात्री हवा गार झाली की ती वाफ या भोकांत शिरून बसते. दिवसा ऊन तापलं की बाहेर पडते. तिला गार पत्रा दाखवला की तिचं पाणी होतं. मनोऱ्यात या भुकटीच्या जाळ्या आहेत. वीजही फारशी लागत नाही. थंडीत वारा पूर्वेकडून येतो, डोंगराची सोंड ओलांडतो, म्हणून मनोरे सोंडेवर."

बिरानं भुकटी हुंगून पाहिली. "ती वाफ मनोऱ्यात शिरली नसती, तर कुठं गेली असती?"

"कुठंच नाही. वाया."

"वाया म्हंजी खारतळला," बिरा म्हणाला. आम्ही तेव्हाही हसलो.

खारतळ हे माझं माहेर. सोंडेच्या पलीकडे, मावळतीला. तिथं विहीर कधी टिकली नाही. पण रान काळं, ओल धरून ठेवणारं, आणि थंडीत दहिवर पडायचं. तुमच्याकडं दव म्हणतात. एवढंसं असतं ते, पण त्यावर शाळू उभा राहायचा, हरभरा फुलायचा, मेंढरांना गवत मिळायचं. हरभऱ्याच्या पाल्याला आंबट खार असतो. सांजेला त्यावर पांढरं फडकं पसरायचं, सकाळी दहिवरानं ओलं झालं की पिळायचं. जे निघतं ती आंब. पोटदुखीवर त्यासारखं औषध नाही. बिरा दर संक्रांतीला मला तिची बाटली आणायचा. ओवीचं पोट लहानपणी सारखं दुखायचं. चमचाभर आंब घेतली की ती डोळे मिटून तोंड वेडंवाकडं करायची आणि म्हणायची, "अजून एक."

पाणी आल्यानंतरच्या संक्रांतीला बाटलीचं नुसतं बूड झाकलं होतं.

"थंडी कमी पडली," मी म्हटलं.

"थंडी बख्खळ हाय आक्का," बिरा म्हणाला. "फडकंच भिजंना."

ओवी म्हणाली, "एका वर्षावरून काही ठरवता येत नाही मामा."

"बराबर हाय. पुढल्या वर्सी बघू."

पुढल्या वर्षी तो बाटली न घेताच आला. तिळगूळ घेतला, दिला. फडक्याचं नाव काढलं नाही. मी विचारलं, तेव्हा म्हणाला, "हरभरा वीतभर होऊन बसला, आक्का. मेंढरं मातीच हुंगत्यात." ओवी तिथंच होती. तिनं हातातला तिळगूळ परत ताटात ठेवला.

त्याच महिन्यात दुसरा टप्पा परिषदेत आला. सोंडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मनोरे. दक्षिणेकडच्या साऱ्या वस्त्यांना आणि तालुक्याच्या गावाला पाणी. निम्म्याहून जास्त पैसा केंद्राचा, पण महिनाअखेर परिषदेचा ठराव पाहिजे.

सभा सकाळी सुरू झाली ती उन्हं कलली तरी संपेना. कुणी म्हणे, एवढ्या पैशात धरणावरून पाईप आला असता. त्याला दुसरा विचारी, "धरणात काय आहे? तुमचे मासेसुद्धा राजीनामा देऊन गेले." कुणाला मनोरे आपल्या गावच्या हद्दीत पाहिजेत, म्हणजे जमिनीचं भाडं मिळेल. अध्यक्ष माधवराव झिमल डोळे मिटून ऐकत होते. मी उभी राहिले तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला.

मी म्हटलं, "मनोरे करा. फक्त खारतळसमोरची सोंड मोकळी ठेवा. तिथून वारा जाऊ द्या."

प्राजक्ता तुपे ताडकन उठली. दक्षिणेकडच्या वस्त्यांची सदस्य, माझ्या लेकीच्याच वयाची. "ती सोंड मोकळी ठेवली की आमच्या वस्त्या कोरड्या. शालनमावशी, तुमच्या घरात नळ आला. आता आम्हाला दहिवर शिकवता होय?"

बाकं वाजली.

"माझ्या धाकट्या जावेचा पाय टँकरखाली गेला," ती म्हणाली. "हंडा लावायच्या ढकलाढकलीत. तुम्ही तिला बघायला आला होता. पाय गेला तरी हंडा धरून होती, हे तुम्हीच मला सांगितलं होतं ना?"

मीच सांगितलं होतं. ती एक शब्दही खोटा बोलत नव्हती.

झिमलसाहेब म्हणाले, "शालनबाई, कायद्यात विहीर आहे, ओढा आहे, बोअर आहे, पाऊस आहे. दहिवर कुठं आहे? ज्याचं मोजमाप नाही त्याची भरपाई कशी करायची?"

"रोज सकाळी वाटीत धरून आणायचं साहेब!" मागून कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा.

"मग मोजा," मी म्हटलं. "मोजून बघा. दहिवर असेल तर मी गप्प बसते. नसेल तर सोंड सोडा."

साहेबांनी ओवीला उभं केलं. प्रकल्पाची अभियंता म्हणून ती बाजूच्या खुर्चीवर होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, पण बोलली सरळ. "दव कमी होईल हे गणितात दिसतं. किती, ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. किमान महिनाभर मोजावं लागेल."

"महिनाभर मोजत बसलो तर केंद्राचा पैसा दुसऱ्या राज्यात जाईल. समिती एकदा जाईल. एक पहाट. ताटावरचं दव ठरलेल्या रेषेच्या खाली आलं, तर सोंड मोकळी. वर आलं, तर विषय संपला. मान्य?"

ओवी काही बोलायच्या आत मी मान्य म्हटलं. तेवढंच मिळत होतं.

ओवीच्या माणसांनी आदल्या दिवशी खारतळच्या शाळेपुढच्या मैदानात यंत्र लावलं आणि ती परतली. बुटक्या तिवईवर काळं ताट, त्यावर पडलेला थेंबन् थेंब वजन होऊन पडद्यावर उमटायचा. खारतळला टँकर आठवड्यातून एकदा येई. साहेबलोकांच्या चहाला, हातपाय धुवायला पाणी हवं, म्हणून मी आमच्या नळाचे कॅन भरून जीपमधून पाठवून दिले.

पहाटे आम्ही निघालो, तेव्हा ओवी गाडीत माझ्या शेजारी होती. हळू आवाजात म्हणाली, "आई, ताट कोरडं निघेल."

"मग तुझे सोंडेवरचे मनोरे?"

"माझेच आहेत. आकडा आला की मीच काढायला सांगेन." तिनं माझा हात हातात घेतला. तिचा हात गार होता. दुसरी वाट काढीन म्हणाली. प्राजक्ताच्या वस्त्यांसाठी आणखी उत्तरेला मनोरे उभे करता येतील, खर्च वाढेल, वर्ष-दीड वर्ष जाईल, पण जमेल. तिनं सगळा विचार करून ठेवला होता.

खारतळच्या वेशीत गाडीची काच खाली केली आणि मला ओल्या मातीचा वास आला.

दिवे लागलेल्या प्रत्येक दारापुढं सडा होता. वेशीपासून शाळेपर्यंतच्या अख्ख्या वाटेवर सडा होता. त्यावर रांगोळ्या, मोर, कलश, मनोऱ्याचंसुद्धा चित्र. बायका ठेवणीतली लुगडी नेसून ओळीनं उभ्या होत्या. सर्वांत पुढं माझी भावजय रतन, हातात ओवाळणीचं ताट.

"या वन्सं!" ती म्हणाली. "कसं झालंय?"

मैदान तर सबंध शिंपलं होतं, मुठीमुठीनं, यंत्राच्या अंगावरूनसुद्धा. त्याच्या तिवईला हळदकुंकू लावलेलं, भोवती फुलं. काळ्या ताटावर थेंब चमकत होते.

"एवढी मोठी माणसं गावात येणार," रतन म्हणाली, "कोरड्या दारात कसं उतरवायचं त्यांना? आन् हे यंत्र आपल्यासाठनं आलंय, त्याचा मान नको?"

झिमलसाहेबांनी ताटावरून बोट फिरवलं आणि ओलं बोट सगळ्यांना दाखवलं. पडद्यावरचा आकडा रेषेच्या कितीतरी वर होता. "शालनबाई, भरपूर दहिवर आहे की तुमच्या माहेरात!"

"हे दहिवर नाही," मी म्हटलं. "सडा आहे हा. बायकांनी आत्ता शिंपलाय."

रतनच्या हातातलं ताट वाकडं झालं, निरांजन विझलं. तिला तेव्हा कळलं. बिरा मेंढरांच्या वाड्याकडून घाईघाईनं येत होता. तो शाळेच्या कोपऱ्यावर थांबला आणि तिथूनच त्यानं मैदान पाहिलं.

"कशावरून?" साहेब म्हणाले. "मी तर शिंपताना कुणाला पाहिलं नाही. अभियंता मॅडम, यंत्र काय म्हणतंय?"

ओवी ताटाशी वाकली. सरळ झाली. साहेबांच्या मागं प्राजक्ता तुपे उभी होती. तिनं पदराआड हात जोडले होते, देवापुढं जोडतात तसे, आणि ती ओवीकडं पाहत होती.

मीही ओवीकडं पाहत होते.

"यंत्र ओलावा मोजतं," ओवी म्हणाली. "तो कुठून आला, ते त्याला कळत नाही."

"म्हणजे आकडा खरा?"

"आकडा..." ती थांबली. "आकडा खरा आहे."

मी आणखी एक पहाट मागितली. हात जोडून मागितली. साहेब म्हणाले, आकडा यंत्रातून आपोआप वर केंद्राकडं गेला, आता त्यांच्याही हातात नाही. समिती चहा न घेता निघाली, कारण चहा झालाच नव्हता. रतन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "वन्सं, तुमी धाडलेलं समदं पाणी सड्यालाच गेलं."

आमच्या नळाचं पाणी. सोंडेवर अडवलेलं, खारतळचंच. ते परत खारतळला आलं, ताटावर पडलं आणि दहिवर म्हणून मोजलं गेलं.

परतताना गाडीत ओवी पुढं ड्रायव्हरशेजारी बसली.

ठराव झाला. विरोधात हात वर केलेली मी एकटी. पांढरओढ्यात माझ्याशी चार दिवस कुणी धड बोललं नाही. दुसऱ्या टप्प्यातल्या पाण्याचा आमच्या गावालाही वाढीव वाटा होता, तो मला नको होता असं त्यांना वाटलं.

प्राजक्ताच्या वस्त्यांना पाणी मिळालं. तिनं बोलावलं म्हणून मी गेले. तिची जाऊ नळाशी पाट टाकून बसली होती, एक पाय लांब केलेला, दुसरा नाहीच, आणि हंडा भरत होता. तिनं मला ओळखलं आणि हसली. मला तिचा राग यावा असं फार वाटत होतं. आला नाही.

खारतळ हळूहळू रिकामं झालं. भांडण नाही, मोर्चा नाही. एका थंडीत शाळू पोटरीतच, कणीस बाहेर पडायच्या आत वाळला. पुढच्या थंडीत पेरलाच नाही. शाळेत मुलं उरली नाहीत, मग मास्तर गेले. दहिवराची नोंद कागदावर भरपूर असल्यामुळं नुकसानीचे अर्ज परत आले. अर्ज मीच लिहून दिले होते. परत आलेही माझ्याच पत्त्यावर.

मग एका सकाळी बिरा आला. खांद्यावर घोंगडं, रस्त्यावर मेंढरं आणि घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड. भीमेच्या काठाला ऊसवाल्यांच्या रानात मेंढरं बसवायला निघाला होता. खतासाठी लोक मेंढरं बसवून घेतात, त्यावर पोट चालतं.

"परत कधी?" मी विचारलं.

"दाराला कडी घातलीय," तो म्हणाला. "कुलूप न्हाई लावलं. लावून करायचं काय?"

"रतन?"

"रस्त्यावर थांबलीय. आत यायची न्हाई म्हणती. तिला तुझ्याम्होरं तोंड उचलवंना. दारात सडा घालायचाच सोडलाय तिनं, आक्का. संक्रांतीला सुदिक."

मी गूळ आणि पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढं ठेवला. ओवी सुट्टीवर घरी होती. ती आतून आली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

"वाळलीस गं ओवे," बिरा म्हणाला. "खातीस का न्हाई?"

"मामा, त्या दिवशी मी..."

"तू खोटं कुठं बोललीस? यंत्राला कळत न्हाई म्हणालीस. न्हाईच कळत."

"मला कळत होतं."

बिरानं गुळाचा खडा तोंडात टाकला. सावकाश चघळला. "व्हय," तो म्हणाला. "ते म्या तुझ्या तोंडावर बघितलं हुतं." मग, "त्या पोरीनं हात जोडलेलं बी बघितलं. तुझ्या जागी म्या काय केलं असतं, द्येव जाणं."

ओवी खाली बसली. तिनं तांब्या उचलून त्याच्यापुढं धरला. "पाणी घे मामा."

"तहान न्हाई गं बाय."

तो मेंढरांमागं चालून आला होता. त्याच्या ओठांना भेगा होत्या. तो रागानं बोलला नाही, टोमणा म्हणूनही नाही. ओवीच्या डोक्यावरून हात फिरवला, तांब्या तिच्या हातातून घेतला आणि न सांडता परत जमिनीवर ठेवला. लहानपणी झिऱ्यावर रांगेत बसायचो तेव्हाची सवय. पाणी सांडायचं नाही.

निघताना त्यानं कमरेचं एक फडकं सोडून माझ्याकडं दिलं. पांढरं, आता पिवळं पडलेलं, वाळून कडक झालेलं. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. तिकडं ऊसच ऊस. पसरायचं कशावर?"

मी रस्त्यापर्यंत गेले. रतननं मला लांबूनच नमस्कार केला. मेंढरांची धूळ सोंडेच्या बाजूला उडाली आणि मनोऱ्यांच्या रांगेखाली बराच वेळ तशीच तरंगत राहिली.

घरी आले तर ओवी त्या तांब्यापुढं तशीच बसलेली. मी फडक्याची घडी उलगडली. हुंगली. अजून वास होता. मी ते फडकं बिरानं न प्यालेल्या पाण्यात बुडवलं, मुरू दिलं आणि वाटीवर धरून पिळलं. दोनतीन चमचे निघालं असेल, गढूळसं.

मी चमचा भरून ओवीच्या तोंडाशी नेला. तिनं तोंड उघडलं, डोळे मिटले. तिचा चेहरा वेडावाकडा झाला, अगदी पाच वर्षांची असताना व्हायचा तसा, आणि तसाच राहिला. ती आवाज न करता रडत होती.

"आंबट आहे," ती म्हणाली.

"आहे ना?"

"अजून एक, आई."

मी उरलेलं तिला पाजलं. मग फडकं पुन्हा तांब्यात बुडवलं, पुन्हा पिळलं आणि चमचा तिच्या ओठांना लावला. तिनं घोट घेतला, वाट पाहिली आणि माझ्याकडं पाहत मान हलवली.

मी चाखून पाहिलं. नुसतं पाणी होतं.